एक मिलिमीटर, एक टीएमसी

आंघोळीला माणशी एक बालदी, तीही दुपारी चारनंतर. होडीतून उतरून पायाची वाळू झटकायच्या आतच हे सांगण्यात आलं. सांगणाऱ्या बाईंना तिथं सगळे ‘अमाई’ म्हणत होते. चिचेवा भाषेत अमाई म्हणजे आई, त्यामुळे मलाही ते म्हणायला जड गेलं नाही. अमाईंच्या पाठीमागे मलावी सरोवर होतं. उत्तरेकडे पलीकडचा काठ दिसत नव्हता. पाणी आणि आभाळ मिळतं तिथली एक रेघ तेवढी दिसत होती.

मलावीच्या दक्षिण भागात केप मॅक्लिअर नावाचं भूशिर आहे. तिथल्या गावातून होडीनं एका खडकाळ बेटावर जायचं, तिथं हा मुक्काम. गवतानं शाकारलेल्या सहा झोपड्या, जास्तीत जास्त बारा पाहुणे. दिव्यापुरती वीज सूर्याकडून, सांडपाणी केळीच्या आळ्यात, संडासात पाण्याऐवजी राख. ऑक्टोबर होता, म्हणजे तिथला पाऊस सुरू होण्याआधीचा सगळ्यात तापलेला महिना. अंगाला घाम आणि समोर एवढं पाणी, अशा वेळी वीस लिटरच्या बालदीचा हिशेब मनात सुरू झाला आणि मुक्काम संपेपर्यंत थांबला नाही.

सरोवराचं क्षेत्रफळ सुमारे २९,६०० चौरस किलोमीटर. गोव्याचं ३,७०२. म्हणजे आठ गोवे एकमेकांना जोडून ठेवले की हे सरोवर होतं. लांबी ५८० किलोमीटरच्या आसपास: मुंबईहून गाडीनं निघावं, सगळं कोकण उतरून पणजीला पोचावं आणि तोवर उजव्या हाताचं पाणी संपू नये, एवढी. रुंदी जास्तीत जास्त ७५ किलोमीटर. इंग्रजांनी त्याला ‘कॅलेंडर लेक’ म्हटलं होतं, कारण ढोबळमानानं लांबी ३६५ मैल आणि रुंदी ५२ मैल, वर्षाचे दिवस आणि आठवडे. सगळ्यात खोल जागी ७०६ मीटर पाणी आहे. आतकरवाडीतून सिंहगड चढताना आपण साधारण ६०० मीटर वर जातो. तो अख्खा चढ, कल्याण दरवाजा, वरची टाकी, सगळं या पाण्यात बुडेल आणि वर आणखी शंभर मीटर पाणी उरेल. पाण्याचा पृष्ठभाग समुद्रसपाटीपासून सुमारे ४७४ मीटरवर आहे, म्हणजे तळ समुद्राच्या पातळीच्याही दोनशेहून जास्त मीटर खाली गेलेला. आफ्रिका खंड जिथं उभा चिरत चालला आहे त्या खचदरीत साठलेलं हे पाणी आहे.

पण हे आकडे सांगून झाल्यावरही मला काही कळल्यासारखं वाटलं नाही. मराठी माणसाला पाणी कळतं ते टीएमसीत. ऑगस्ट उजाडला की कोयना किती भरलं, उजनी किती, जायकवाडीत किती आलं हे आकडे आपण पावसाच्या बातमीबरोबर वाचतो. शंभर कोटी घनफूट म्हणजे एक टीएमसी, म्हणजे सुमारे २,८३२ कोटी लिटर. झोपडीच्या पायरीवर बसून वहीत मी २९,६०० चौरस किलोमीटरला एका मिलिमीटरनं गुणलं. उत्तर आलं २,९६० कोटी लिटर.

या सरोवराचा एक मिलिमीटर म्हणजे एक टीएमसी. वर किंचित जास्तच.

त्या आकड्यापुढे मी बराच वेळ बसून राहिले. मिलिमीटर म्हणजे नखाची जाडी दोनदा. तेवढा थर या पाण्यावरून अलगद उचलला तर मुंबईला सात दिवस पुरेल. मुंबईला पाणी देणारे सातही तलाव काठोकाठ भरायला ४९ मिलिमीटर लागतील, दोन इंचही नाहीत. कोयनेचं १०५ टीएमसीचं धरण भरायला तळहाताच्या रुंदीएवढं पाणी पुरे. दर पावसाळ्यात सरोवराची पातळी साधारण मीटरभर चढते आणि कोरड्या महिन्यांत उतरते. मीटरभर म्हणजे हजार टीएमसी, नऊ-दहा कोयना, दर वर्षी श्वासासारख्या आत-बाहेर. आणि एकूण साठा आठ हजार घनकिलोमीटरच्या आसपास, म्हणजे पावणेतीन लाखांहून जास्त टीएमसी. सुमारे २,७०० कोयना.

आता माझी बालदी. बारा पाहुणे, प्रत्येकी वीस लिटर, दिवसाला २४० लिटर. एवढं पाणी उपसल्यावर सरोवर किती खाली जातं? एका मीटरचे एक लाख कोटी भाग करायचे आणि त्यातले आठ घ्यायचे. हायड्रोजनचा अणू हा सगळ्यांत हलका अणू, त्याच्या व्यासाचा हा बारावा-तेरावा हिस्सा. आम्ही बाराही जणांनी दिवसभर आंघोळ केली तरी पाणी एका अणूएवढंसुद्धा उतरत नाही.

ही वही मी अमाईंपुढे धरली. त्यांनी आकडे वाचले, मान हलवली आणि मला स्वयंपाकघरामागे घेऊन गेल्या. तिथं काळ्या रंगाची टाकी उन्हात ठेवलेली होती. “पाणी मोजत नाही आम्ही,” त्या म्हणाल्या. “लाकूड मोजतो.”

मग मी तोही हिशेब केला. वीस लिटर पाणी वीस अंशांनी तापवायला अर्ध्या युनिटच्या जवळपास ऊर्जा लागते. तीन दगडांच्या चुलीवर लाकडातली जेमतेम दहा-पंधरा टक्के उष्णता भांड्याला मिळते, बाकीची वाऱ्याला. म्हणजे एका बालदीला किलोभर लाकूड. बारा बालद्यांना रोज बारा किलो, वर्षाला चार टनांच्या वर, आणि ते सगळं किलोमीटरभर पसरलेल्या खडकाळ बेटावरून किंवा समोरच्या गावाच्या डोंगरावरून आणायचं. मलावीतल्या दहांतल्या नऊहून जास्त घरांची चूल लाकडावर किंवा कोळशावर पेटते. पाहुण्याच्या बालदीखाली जळणारं लाकूड कुठल्या तरी घराच्या चुलीतून काढलेलं असतं. म्हणून उन्हानं तापलेलं पाणी, म्हणून दुपारी चारनंतर. एवढ्या साध्या कारणासाठी मी २९,६०० चौरस किलोमीटर ढवळून काढले होते.

साबण सरोवरात न्यायचा नाही, हा दुसरा नियम. त्याचं कारण मला जास्त खोल वाटतं, कारण ते सरोवराच्या स्वभावात आहे. इथं येणाऱ्या पाण्याला बाहेर जायच्या वाटा दोनच: आकाश आणि शिरे नदी. सरोवराच्या अंगावर पडणारा पाऊस आणि भोवतालच्या नद्या मिळून जे पाणी आत आणतात, त्यातले पाचातले चार भाग वाफ होऊन उडून जातात. वर्षाला दीड मीटरहून जाड थर उडतो. वर्षाला पंधरा कोयना नुसत्या वाफेत! उरलेला पाचवा भाग दक्षिण टोकाच्या शिरे नदीला मिळतो. ती झांबेझीला मिळते आणि झांबेझी हिंदी महासागराला. वाफेबरोबर साबण जात नाही, मीठ जात नाही, शेतातलं खत जात नाही. ते फक्त शिरेवाटे जाऊ शकतं आणि शिरेच्या वेगानं सगळं सरोवर एकदा बाहेर पडायला सुमारे सातशे वर्षं लागतात. ज्ञानेश्वरी १२९० मध्ये लिहून झाली. त्या काळी कुणी या पाण्यात काही टाकलं असतं, तर त्याचा बराचसा भाग अजून आतच असता. केळीच्या आळ्यात सोडलेलं सांडपाणी मात्र केळी पिऊन टाकते. कोकणात परसातल्या मोरीचं पाणी केळीला आणि अळवाला लावतात, ते याच बुद्धीनं.

या पाचव्या भागाची गोष्ट मला अजून सांगायची आहे, कारण सगळा देश त्यावर टेकलेला आहे.

सरोवर मनात मावत नाही, म्हणून मी ते लहान करून पाहिलं. घडी घातलेलं एक उपरणं डोळ्यांपुढे आणलं, दोन मीटर लांब आणि सव्वा वीत रुंद. सरोवराची लांबी-रुंदी बरोबर त्या मापात बसते. मग खोली किती? जिथं सिंहगड बुडतो तिथं अडीच मिलिमीटरसुद्धा नाही. आपण ज्याला अथांग म्हणतो ते प्रत्यक्षात ओल्या उपरण्यासारखं पातळ, पसरट पाणी आहे. त्यातही वरच्या सव्वादोनशे-अडीचशे मीटरांखाली प्राणवायूच नाही. वरचं कोमट पाणी आणि खालचं थंड, जड पाणी एकमेकांत जवळजवळ मिसळत नाहीत, त्यामुळे खालच्या अंधारात मासा जगत नाही. उपरण्याच्या मापात जिवंत थर पाऊण मिलिमीटरचा. आणि शिरे नदीला मिळतो तो थर? नदीच्या मुखाशी वाळूचा आणि गाळाचा उंबरठा आहे, त्याच्यावर जेवढं पाणी असेल तेवढंच बाहेर पडतं. तो थर अवघ्या काही मीटरांचा. तीन मीटर धरले तर उपरण्यावर एका मिलिमीटरचा शंभरावा भाग.

त्या शंभराव्या भागावर शिरेच्या धबधब्यांवरची न्कुला, टेडझानी आणि कापिचिरा ही वीजकेंद्रं चालतात आणि देशाची बहुतेक वीज तीच देतात. तिन्ही मिळून ४०० मेगावॉटच्याही आत. आपल्या एकट्या कोयना प्रकल्पाची क्षमता १,९६० मेगावॉट आहे. जगातल्या सगळ्यात मोठ्या गोड्या साठ्यांपैकी एक ज्याच्या अंगणात आहे, त्या देशातल्या बहुसंख्य घरांत विजेची तार पोचलेली नाही. जानेवारी २०२२ मध्ये ‘आना’ वादळाच्या पुरानं कापिचिराचं धरण फोडलं, तेव्हा आधीच थोडी असलेली वीज आणखी तुटली.

आणि हा पातळ थर कायम असतोच असंही नाही. १९१५च्या सुमाराला पातळी इतकी उतरली की शिरेचं मुख वाळूनं आणि बोरूंनी बुजून गेलं. जवळजवळ वीस वर्षं, १९३५पर्यंत, सरोवरातून नदीत पाणी आलं नाही. वरून पाहणाऱ्याला काय दिसलं असतं? आठ गोव्यांएवढं सरोवर होतं तिथंच. २,७०० कोयनांतल्या थोड्याच कमी झाल्या होत्या, आणि नदी मेली होती. साठा आणि वाहतं पाणी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे मला धरणांच्या राज्यात वाढूनही इथं येईपर्यंत इतकं स्वच्छ दिसलं नव्हतं.

याहून मोठ्या ओहोट्याही येऊन गेल्या आहेत. २००५ मध्ये शास्त्रज्ञांनी भर सरोवरात तराफा उभा करून जवळपास सहाशे मीटर पाण्याखालच्या तळात ३८० मीटर खोल छिद्र घेतलं आणि चिखलाची नळकांडी वर काढली. त्या चिखलात बारा लाखांहून जास्त वर्षांची पावसाची नोंद मिळाली. त्यावरून दिसतं की सरोवर चोवीस वेळा दोनशे मीटरहून जास्त खाली गेलं. १,३५,००० ते ७५,००० वर्षांपूर्वीच्या काळातल्या एका महादुष्काळात पातळी साडेपाचशे मीटरहूनही जास्त उतरली होती. साठ्यातला विसातला एखादा भाग उरला असेल. आज होडी चालते त्या जागी तेव्हा उजाड जमीन होती.

या चढ-उतारांमुळे जे घडलं असावं ते मी दुसऱ्या दिवशी सकाळी पाहिलं. काच लावलेला मुखवटा घालून खडकांशेजारी पाण्यात तोंड घातलं. आणि रंग. निळ्यावर काळे पट्टे, पिवळ्याजर्द अंगाला काळी किनार, जांभळे, केशरी, ताज्या हळदीसारखे. बोटभर-दीडबोटभर लांबीचे शेकडो मासे त्या एका खडकाला चिकटून, शेवाळ खरवडत. स्थानिक लोक त्यांना म्बुना म्हणतात. यांची जात मी लहानपणी पाहिलेली होती. मुंबईत क्रॉफर्ड मार्केटच्या माशांच्या दुकानांत प्लास्टिकच्या पिशवीत ‘इलेक्ट्रिक येलो’ विकायला असतो, तो याच सरोवरातला. मूळचा उत्तरेकडच्या न्खाटा बेजवळच्या खडकांतला. आता तो हौदांतून वाढवतात. पण त्या पिशवीतल्या माशाचं एक घर आहे आणि ते इथं आहे, हे कळायला मला अर्धं आयुष्य लागलं.

या सरोवरात सिक्लिड कुळाच्या आठशे ते हजार जाती आहेत. सबंध युरोपात, सगळ्या नद्या-तळी धरून, गोड्या पाण्यातल्या माशांच्या साडेपाचशेच्या आसपास जाती आहेत. आपल्या पश्चिम घाटात, जो जगातल्या समृद्ध प्रदेशांपैकी एक, सुमारे २९०. इथं एकाच पाण्यात हजार, आणि त्यांतल्या जवळजवळ सगळ्या दुसरीकडे कुठंही नाहीत. आणखी थक्क करतो तो काळ. हे सारे मासे गेल्या आठ-दहा लाख वर्षांत, अगदी मोजक्या पूर्वजांपासून झाले. पृथ्वीच्या घड्याळात तो क्षण आहे. बुद्धिबळाच्या पटावरच्या तांदळाची गोष्ट आपल्याला ठाऊक आहे: एकाचे दोन, दोनाचे चार. दहा वेळा दुप्पट केलं की १,०२४ होतात. म्हणजे दर ऐंशी हजार वर्षांनी प्रत्येक जातीच्या दोन जाती होत गेल्या, तरी हिशेब जुळतो. पाणी उतरलं की खडकांची बेटं जोडली जातात, चढलं की तुटतात. खडकाचा मासा मधलं खोल पाणी किंवा वाळूचा पट्टा ओलांडायला धजत नाही, त्याला ते उघडं रान वाटतं. काही जातींचं सगळं जग म्हणजे एका बेटाचा एक काठ.

२०१८ मध्ये या सरोवरातल्या ७३ जातींच्या माशांचा जनुकीय मजकूर वाचून प्रसिद्ध झाला. दोन जातींमधला फरक दर हजार अक्षरांत एक ते अडीच अक्षरांचा निघाला. तुमच्यामाझ्यात हजारात एका अक्षराच्या आसपास फरक असतो. एवढ्याशा बदलानं कुणी शेवाळ खरवडणारा झाला, कुणी दुसऱ्या माशाचे खवले ओरबाडून खाणारा, कुणी वाळू गाळून खाणारा. कालिगोनो, म्हणजे झोपाळू, नावाचा एक मासा तळाशी कुशीवर मेल्यासारखा पडून राहतो. अंगावर कुजकट डाग असतात. टोचायला आलेल्या लहान माशाला तो झडप घालून गिळतो. वाळूत राहणारे नर माद्यांना बोलवायला तोंडातोंडानं वाळू उचलून किल्ले रचतात, वीतभर मासा आणि मीटरभर रुंद किल्ला. माद्या अंडी तोंडात घेतात आणि सुमारे तीन आठवडे, पिल्लं पोहती होईपर्यंत, अन्नाचा कण खात नाहीत. म्बुनाच्या तोंडात वीस-तीस-चाळीस अंडी मावतात. समुद्रातले मासे लाखांनी अंडी सोडतात आणि नशिबावर सोपवतात. इथं आईच्या गालात मावतील तेवढीच. सिक्लिड नसलेला कांपांगो हा मोठा मिशीवाला मासा तर पिल्लांना खायला म्हणून वेगळी, न फळलेली अंडी घालतो. हे वाचलेलं होतं, पण गाल फुगलेली एक मादी माझ्यासमोर खडकाच्या फटीत मागे सरकली आणि मला वाचलेलं सगळं विसरायला झालं. इतक्या मोठ्या पाण्यात तिच्याजवळ होती ती एक फट.

दुपारी समोरच्या गावात गेलो. काठावर बांबूचे लांबच लांब मांडव, त्यांवर जाळी आणि जाळीवर चांदीसारखी पसरलेली वाळत घातलेली मासळी. वर्सोव्याच्या, उत्तनच्या वलांडीवर बोंबील पाहिलेल्या माणसाला तो वास ओळखीचा वाटतो. ही उसिपा, बोटभर लांबीची, जेमतेम वर्षभर जगणारी. देशात धरल्या जाणाऱ्या मासळीतला दोन तृतीयांशाच्या आसपास वाटा अलीकडे हिचा असतो, वर्षाला लाखभर टन. एक मासा पाच ग्रॅमचा धरला तर टनात दोन लाख, आणि लाख टनांत दोन हजार कोटी मासे. देशाची लोकसंख्या दोन कोटींच्या वर. माणशी हजार. न्सिमा, म्हणजे मक्याच्या पिठाचा घट्ट उकडलेला गोळा, आणि त्याबरोबर चार-सहा उसिपा, हे लाखो घरांतलं रोजचं जेवण. चांबो हा मोठा, गोड मासा एके काळी घरोघरी असायचा. आता तो दक्षिणेकडच्या पाण्यात इतका कमी झाला आहे की बहुतेक घरांना परवडत नाही.

मोठे मासे कमी झाले की काय होतं, याची एक साखळी याच काठावर अभ्यासली गेली आहे. गोगलगाई खाणारे काही सिक्लिड आहेत. त्यांच्या घशात दुसरा जबडा असतो आणि तो शंख फोडण्याइतका भक्कम असतो. उथळ पाण्यात बारीक जाळी फिरू लागली आणि १९८०च्या दशकापासून हे मासे घटले. गोगलगाई वाढल्या. त्या गोगलगाईंत बिल्हार्झियाचा परजीवी वाढतो, पाण्यात उतरलेल्या माणसाच्या कातडीतून आत शिरतो आणि माणसाच्या मलमूत्रातून पुन्हा पाण्यात येतो. जिथं पूर्वी काठाचं पाणी निर्धास्त मानत होते, तिथं आता गावातली मुलं आजारी पडतात. पाण्याला त्यांना पर्याय नाही. भांडी, कपडे, आंघोळ, खेळ सगळं त्याच काठावर.

म्हणून बेटावरच्या त्या राखेच्या संडासाबद्दल मला मनापासून आदर वाटला. माणूस वर्षाला साधारण पन्नास किलो मळ टाकतो. तो वाहून न्यायला फ्लशच्या संडासात एका खेपेला सहा-सात लिटर, दिवसाला पाच खेपा, म्हणजे वर्षाला बारा हजार लिटर स्वच्छ पाणी घाण करतो. इथं मूठभर राख आणि पालापाचोळा. काही महिन्यांनी त्याची माती होते आणि ती झाडांच्या मुळाशी जाते. आपल्याकडे याला सोनखत असा सुंदर शब्द आहे, आणि कणकवलीच्या गोपुरी आश्रमात अप्पासाहेब पटवर्धनांनी सोनखताच्या संडासांसाठी आयुष्य झिजवलं. कोकणातल्या त्या कामाची आठवण मला आफ्रिकेच्या बेटावर यावी, यात मला अंतर जाणवलं नाही. परजीवीची साखळी तोडायची तर ती इथंच, राखेच्या या डब्यापाशी तुटते.

एक आकडा मात्र अमाईंच्या टाकीलाही पुसता येत नाही. मुंबईहून अदिस अबाबामार्गे लिलाँग्वेला जाऊन-येऊन साडेबारा हजारांहून जास्त किलोमीटर होतात. माझ्या एका खुर्चीच्या वाट्याला टनाहून जास्त कार्बन डायऑक्साइड येतो. चुलीवर तापवलेल्या सहाशेहून जास्त बालद्यांच्या धुराएवढा. मी तिथं पाच बालद्या वाचवल्या. हे मी अमाईंना सांगितलं, तेव्हा त्या म्हणाल्या, तुम्ही आलात म्हणून सात माणसांना पगार मिळतो आणि त्या सात घरांतून रात्रीची जाळी कमी पडतात. दोन्ही खरं आहे. एकानं दुसरं फिटत नाही.

शेवटच्या रात्री अमावास्या होती. उसिपाला उजेडाचं आकर्षण असतं, म्हणून चंद्र नसलेल्या रात्री कोळी दिवे घेऊन निघतात. पूर्वी रॉकेलचे, आता एलईडीचे. मी ६३ दिवे मोजले आणि मग क्षितिजापाशी दिवा कुठला आणि तारा कुठला हे कळेना. लिव्हिंग्स्टन हा स्कॉटिश प्रवासी १८५९ मध्ये या सरोवरापाशी पोचला. ताऱ्यांचं सरोवर हे नाव त्याच्या नावावर सांगतात. एकेका दिव्याखाली एक होडी, होडीत दोन-तीन माणसं, आणि त्यांच्या खाली पाऊण मिलिमीटर जिवंत पाणी.

सकाळी निघताना एका म्हाताऱ्या नावाड्यानं मला त्याच्या ब्वातोतून, एका खोडाच्या कोरीव होडीतून, बेटाला वळसा घालून नेलं. पाण्याला लागून असलेल्या खडकांवर माझ्या डोक्याच्याही वर एक पांढरा पट्टा होता. “बाम्बो, हे काय?” मी विचारलं; बाम्बो म्हणजे बाबा. “पाणी इथवर होतं,” तो म्हणाला. “मी तरुण होतो तेव्हा.” १९८०च्या आसपास सरोवर फार चढलं होतं, हे मी वाचलेलं होतं. त्यानं होडी खडकाला टेकवली. मी उभी राहिले आणि पाण्यापासून पट्ट्यापर्यंत वितीनं मोजत गेले. एक वीत म्हणजे दोन कोयना. दोन, चार, सहा. आठव्या वितीला हात पट्ट्यावर पोचला. सोळा कोयना, एका माणसाच्या आयुष्यात चढलेल्या आणि उतरलेल्या. माझ्या वजनानं होडी कलली होती आणि तिच्यात थोडं पाणी आलं होतं. म्हातारा वाकून डब्यानं ते उपसत होता आणि एकेक डबा परत सरोवरात ओतत होता.